बेळगाव महापालिकेसाठी पसंतीक्रमाचे मतदान: कायद्याने आणि व्यवहाराने शक्य आहे का?

खानापूरकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूर तालुक्यातला आणि गेली काही वर्षे नोकरीनिमित्त बेळगावात राहतो. प्रत्येक निवडणुकीनंतर आपल्या घरी, तालमीत आणि गणेशमंडळाच्या बैठकीत एकच वाक्य ऐकू येते: “आपली मते फुटली, म्हणून आपण पडलो.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्यात तथ्य आहे हेही मानतो. मात्र मते फुटली की ती सगळी वाया जावीत, असे ठरवणारी मोजणीची जी पद्धत आहे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून येथे लिहितो आहे.

दोन निकाल माझ्या डोळ्यांसमोर आहेत. २०१८ साली खानापूर विधानसभा मतदारसंघात लढत पाच-सहा जणांत विभागली गेली, महाराष्ट्र एकीकरण समितीच्याच दोन गटांचे दोन उमेदवार उभे होते, आणि विजयी उमेदवाराला सुमारे साडेछत्तीस हजार मते मिळाली, म्हणजे झालेल्या मतदानाच्या साधारण चौथा हिस्सा. उरलेल्या तीन हिश्शांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिले होते. त्यानंतर २०२१ ची बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मंगला अंगडी यांनी सतीश जारकीहोळी यांचा ५,२४० मतांनी पराभव केला आणि समितीच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांच्या वर मते पडली. विजयाच्या फरकाच्या वीसपटीहून अधिक असलेल्या या मतदारांची दुसरी पसंती कोण होती, ते ना मतपत्रिकेने विचारले, ना कोणाला कळले. येथे कोणता पक्ष जिंकायला हवा होता हा माझा विषय नाही. एवढ्या माणसांचे म्हणणे मोजणीत उतरतच नाही, हा माझा विषय आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली. ५८ पैकी ३५ जागा भारतीय जनता पक्षाला मिळाल्या, समितीच्या पाठिंब्यावरचे नगरसेवक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले, आणि मतदानाला शहरातील जेमतेम निम्मे मतदार बाहेर पडले. माझ्या गल्लीतील शिकलेल्या मुलांनी “मत देऊन उपयोग काय” असे म्हटले, तेव्हा मला त्यांच्यावर रागावता आले नाही.

माझे प्रश्न असे. मतांच्या प्रमाणात जागा देणारी एखादी पद्धत निदान महापालिकेपुरती आणता येईल का? ते कोणाच्या अधिकारात आहे? आणि तशी पद्धत आली तर मतदान खरोखर वाढेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

शहापूरचे निवृत्त शिक्षक यांचे उत्तर

खानापूरकर, पसंतीक्रमाची पद्धत परदेशातून आणावी लागेल असे पुष्कळांना वाटते, पण ती आपल्या जिल्ह्यात आजही वापरात आहे. विधान परिषदेच्या वायव्य पदवीधर आणि वायव्य शिक्षक मतदारसंघांत बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे तीन जिल्हे येतात, आणि तेथे मतपत्रिकेवर शिक्का किंवा खूण न करता उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहावे लागते. आकडा कन्नडमध्ये, मराठीत किंवा रोमन पद्धतीने लिहिला तरी चालतो, अक्षरांत मात्र लिहायचा नाही. मी शिक्षक म्हणून तेथे मतदान केले आहे आणि मोजणीच्या टेबलावर कर्मचारी म्हणूनही बसलो आहे, त्यामुळे ही पद्धत चालते की नाही याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मोजणी कशी होते ते सांगतो, कारण सगळे मर्म तेथे आहे. एकच जागा असेल तेव्हा वैध मतांच्या निम्म्याहून एक मत अधिक हा कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारा मतांचा आकडा, ठरतो. पहिल्या पसंतीत कोणीही कोटा गाठला नाही तर सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. कोणीतरी कोटा गाठेपर्यंत, किंवा मैदानात एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालू राहते. खानापुरात २०१८ साली अशी मोजणी असती तर समितीच्या एका गटाच्या मतदाराला दुसऱ्या गटाच्या उमेदवाराला दुसरी पसंती देता आली असती, आणि दोन गट उभे राहिले म्हणून मत वाया गेले असे म्हणण्याची पाळी आली नसती. अंतिम विजेता कदाचित तोच राहिला असता, कदाचित बदलला असता. जो कोणी आला असता, तो बहुसंख्यांना निदान दुसरा-तिसरा तरी मान्य असलेला असता.

महापालिकेसाठी मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. पाच एकसदस्यीय वॉर्ड एकत्र करून पाच जागांचा एक प्रभाग केला आणि मतदाराला पसंतीक्रम दिला, तर कोटा वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून किंचित अधिक होतो. समजा, १२,००० वैध मते पडली, तर कोटा २,००१ येईल. ज्या समूहाकडे त्या भागातील ३५ टक्के, म्हणजे ४,२०० मते आहेत आणि जे आपसांत पसंती देतात, त्यांचे दोन प्रतिनिधी हमखास निवडून येतील. आजच्या पद्धतीत हीच ३५ टक्के मते पाचही वॉर्डांत सारखी पसरलेली असतील तर हाती शून्य येऊ शकते. हे गणित मराठी माणसासाठी जितके खरे आहे तितकेच ज्या वॉर्डात मराठी बहुसंख्य आहेत तेथील कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांसाठीही खरे आहे, आणि ही मागणी मांडताना आपण ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. केवळ आपल्या सोयीची सुधारणा मागितली तर ती बेंगळुरूमध्ये कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

अधिकाराचा मुद्दा. लोकसभा आणि विधानसभेची पद्धत संसदेच्या हातात आहे. विधि आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेत सध्याच्या जागांना प्रमाणशीर यादीतून आलेल्या जागांची जोड द्यावी असे सुचवले होते, आणि २०१५ च्या २५५ व्या अहवालात पुन्हा या विषयाचा ऊहापोह केला, पण संसदेने पाऊल उचलले नाही. स्थानिक संस्थांचे तसे नाही. वॉर्डांतून थेट निवडणूक व्हावी एवढीच राज्यघटनेची अट आहे आणि बाकीचे नियम राज्याच्या कायद्याने ठरतात, त्यामुळे कर्नाटक महानगरपालिका अधिनियमात दुरुस्ती करणे कर्नाटक विधिमंडळाच्या अधिकारात आहे असे माझे मत आहे.

---

वडगावची विणकर यांचे उत्तर

सर, तुमचे गणित मला पटले, पण मोठ्या प्रभागाची मला भीती वाटते. आमच्या गल्लीतील गटार तुंबले किंवा पाणी आठ दिवस आले नाही तर कोणाच्या दारात जायचे हे आज मला माहीत आहे. पाच नगरसेवक झाले की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवतील. माझी धाकटी बहीण पुण्यात आहे. तेथे २०१७ साली चार सदस्यांचे प्रभाग केले होते, आणि एका कामासाठी चौघांच्या कार्यालयांत खेपा घालाव्या लागल्या असे ती अजून सांगते.

त्याहून मोठा मुद्दा असा की त्या पद्धतीत प्रतिनिधित्व वाढलेही नाही. मतदाराला चार जागांसाठी चार वेगळी मते द्यायची असल्याने ज्या पक्षाची त्या भागात लाट आहे त्याचे पॅनेल बहुधा सगळेच्या सगळे येते, आणि लहान गटाला पूर्वी एखाद्या वॉर्डात जी संधी असे तीही जाते. प्रभाग मोठा केला आणि पसंतीक्रम मात्र दिला नाही, असे अर्धवट काम येथे झाले तर आपले नुकसानच होईल. सत्ताधाऱ्यांना, ते कोणतेही असोत, नेमका तोच अर्धा भाग सोयीचा वाटेल.

आणि एक विचारायचे आहे. आरक्षणाचे काय होणार? आज कर्नाटकात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत आणि त्यामुळेच आमच्यासारख्या घरांतील बायका सभागृहात बसल्या आहेत. तुमच्या नव्या पद्धतीत हे कमी होणार असेल तर मी तिच्या बाजूने नाही.

---

शहापूरचे निवृत्त शिक्षक

ताई, तुमचे दोन्ही आक्षेप योग्य आहेत. बहुसदस्य प्रभाग आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुण्याचा अनुभव पहिल्या गोष्टीचा आहे. एक मतदार, एक मतपत्रिका आणि त्या एकाच मताचा पसंतीक्रम असेल तरच लहान गटाला वाटा मिळतो. म्हणून ही मागणी लेखी करताना दोन्ही भाग एका वाक्यात बांधलेले हवेत.

स्त्रियांच्या जागा कमी करण्याची गरज नाही. पाचांपैकी तीन जागा स्त्रियांसाठी राखून मोजणी करता येते: पुरुषांच्या दोन जागा भरल्या की उरलेले पुरुष उमेदवार बाद करून त्यांची मते पुढच्या पसंतीकडे जातात. काही प्रभागांत तीन आणि काहींत दोन असे ठेवले की एकूण निम्मे होतात. गटाराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. प्रभाग तीन जागांचा ठेवला तर जवळीक बरीच टिकेल, पण मग कोटा पाव हिश्शाहून अधिक होईल आणि अगदी लहान गट बाहेर राहतील. मी स्वतः तीन जागांवर समाधान मानेन.

---

निपाणीचा वाचक यांचे उत्तर

या चर्चेत आपल्या जिल्ह्याचा एक जुना अनुभव यायला हवा. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत, आधी मुंबई इलाख्याचा आणि नंतर मुंबई राज्याचा भाग होता. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघांत एकत्रित मतदानाची सोय होती, म्हणजे मतदाराकडे जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाला या पद्धतीचे मोल नेमके कळले होते, कारण संख्येने थोड्या असलेल्या मतदारांनी आपली सगळी मते एका नावामागे उभी केली तर आपल्या पसंतीचा माणूस निवडून आणता येतो. त्या निवडणुकीत आमच्या निपाणीचे बळवंतराव वराळे त्या पक्षाकडून बेळगाव जिल्ह्यातून विधानसभेवर गेले. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी हे अभिमानाने सांगत असत.

स्वातंत्र्यानंतर १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते, पण तेथे दोन्ही मते एकालाच देता येत नसत, आणि १९६१ च्या कायद्याने ते मतदारसंघही गेले. तेव्हा सर्वाधिक मते मिळतील तो विजयी, ही आपली अनादी परंपरा आहे असे कोणी म्हणत असेल तर त्यांना हा इतिहास सांगावा.

उलट दिशेचा धडाही आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९९६ साली बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार रिंगणात होते, कारण सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी समितीने शेकडो अर्ज भरले होते. त्याच वर्षी नलगोंड्यात ४८० आणि तामिळनाडूतील मोडकुरिचीत एक हजाराहून अधिक उमेदवार होते. त्यानंतर कायदा बदलला, लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली (आता ती २५,००० आहे), आणि मान्यताप्राप्त नसलेल्या पक्षांच्या व अपक्ष उमेदवारांना एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. ज्या गाऱ्हाण्यासाठी लोकांनी अर्ज भरले होते त्याची दखल कायद्याने घेतली नाही, फक्त दरवाजा अरुंद केला. मला तेव्हाही वाईट वाटले होते आणि आजही वाटते. अनामत वाचवायला एक-षष्ठांश मते लागतात, हे लहान गटाच्या उमेदवाराने घरातील दागिने मोडताना आठवावे लागते.

जर्मनीचे उदाहरण येथे चपखल बसते. डेन्मार्कच्या सीमेला लागून असलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात डॅनिश आणि फ्रिजियन भाषकांचा एक छोटा पक्ष आहे. जर्मनीत संसदेत जागा मिळवण्यासाठी साधारणपणे देशभरात पाच टक्के मतांची अट असते, पण राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या पक्षांना ती लागू नाही. त्या सवलतीमुळे २०२१ साली त्या पक्षाचा एक सदस्य जर्मन संसदेत पोहोचला. सीमा आहे तेथेच राहिली आणि त्या लोकांचा आवाज सभागृहात पोहोचला. आपला सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर येथे राहणाऱ्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न थांबवून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

---

मलप्रभाकाठ यांचे उत्तर

मी जांबोटी भागातली आहे आणि बचत गटाच्या कामानिमित्त गावोगाव फिरते. वर बरीच चर्चा मोजणीवर झाली, मतदानावर कमी झाली, म्हणून लिहिते.

आमच्याकडचा तरुण चोर्ला घाटाने गोव्यात कामाला जातो, नाहीतर पुण्या-मुंबईला. त्याचे नाव गावच्या यादीत आहे, पण मतदानासाठी एक दिवसाचा रोजगार आणि येण्या-जाण्याचे भाडे सोडून तो येत नाही, आणि त्याला दोष देणे मला जमत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळायला हवी, रोजंदारीवरच्या माणसालाही, पण हॉटेलात भांडी घासणारा मुलगा मालकाकडे ते कलम घेऊन जाणार कसा? निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान होऊ शकेल असा तो नमुना होता, पण राजकीय पक्षांचे एकमत झाले नाही आणि विषय तेथेच थांबला. माझ्या दृष्टीने खानापूर तालुक्यातील मतदान वाढवणारी सर्वांत मोठी सुधारणा हीच ठरली असती. त्याआधी एक साधी गोष्ट करता येईल: गोव्यात जेथे आपली माणसे मोठ्या संख्येने काम करतात तेथील मालकांना कलम १३५ब ची मराठी आणि कोंकणी प्रत मतदानापूर्वी पोहोचवणे.

दुसरी अडचण यादीची. मराठी नाव कन्नडमध्ये लिहिले जाते, त्यावरून इंग्रजी होते, आणि पुन्हा मराठीत येते तेव्हा चव्हाणाचा चवान आणि गावड्याचा गवडा झालेला असतो. माझ्या सासूबाईंचे नाव एका यादीत असे बदलले की केंद्रावर ओळखपत्राशी ते जुळेना, आणि त्या माउलीला तीन तास बसवून शेवटी परत पाठवले. त्या पुन्हा कधी मतदानाला गेल्या नाहीत. दुरुस्तीसाठी नमुना ८ असतो आणि नव्या नावासाठी नमुना ६, हे आता आम्ही बचत गटाच्या बैठकीत शिकवतो. अठरा वर्षे पूर्ण होण्याची तारीखही आता फक्त १ जानेवारी राहिलेली नाही. १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात, हे कॉलेजातील मुलींना सांगितले की त्यांना आश्चर्य वाटते.

खानापूरकरांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत सांगते. सक्तीने मतदान वाढते, ऑस्ट्रेलियात १९२४ पासून ती आहे, पण ज्यांना दिवसाची मजुरी सोडणे परवडत नाही त्यांना दंड करणे मला अन्याय वाटतो. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी तसा कायदा केला होता आणि २०१५ साली तेथील उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आपले मत मोजले जाते हे दिसले तर लोक येतात, हे मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दरवेळी पाहते. चार-पाच मतांनी निकाल लागतो हे माहीत असल्याने तेथे गोव्याची मुले रात्रीची गाडी पकडून येतात. मधल्या अंतराचा आणि खर्चाचा विचार विधानसभेलाही तोच असतो, फरक फक्त मत उपयोगी पडेल या विश्वासाचा असतो.

---

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. मलप्रभाकाठ ताई, ग्रामपंचायतीचे तुमचे निरीक्षण वाचून मला माझ्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटले. माझा भाऊसुद्धा विधानसभेला पणजीहून आला नाही आणि पंचायतीला मात्र दोन दिवस आधी येऊन थांबला होता.

एक शंका राहते. मतदारसंघांची पुनर्रचना पुढे येणार आहे. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव मतदारसंघ संपला, आणि खानापूर तर बेळगाव जिल्ह्यात असूनही लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये आहे. आमचा खासदार घाटाखालच्या कारवारपर्यंतच्या मतदारांचाही असतो. नव्या पुनर्रचनेत भाषिक सलगतेचा विचार करा असे कायद्याने मागता येईल का, की पद्धत बदलेपर्यंत यात शक्ती घालवू नये?

---

शहापूरचे निवृत्त शिक्षक

मागता येईल, पण शब्द जपून वापरावे लागतील. २००२ च्या परिसीमन (मतदारसंघ पुनर्रचना) कायद्यात भौगोलिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाच्या सोयी आणि लोकांची सोय हे निकष दिलेले होते. भाषा हा निकष त्यात नव्हता. म्हणून खानापूरसाठी “आम्ही मराठी आहोत” एवढेच लिहिले तर अर्ज बाजूला पडेल. खानापूरची बाजारपेठ, जिल्हा रुग्णालय, न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय बेळगावात आहे आणि खासदाराच्या मतदारसंघाचे मुख्य ठिकाण घाट उतरून पलीकडे आहे, हे दळणवळण आणि सोय या शब्दांत मांडले तर त्याला उत्तर द्यावे लागते. मागच्या वेळी आयोगाने मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या आणि जाहीर सुनावण्या घेतल्या होत्या. नवा आयोग नेमला गेला की त्याची अधिसूचना पाहत राहा, आणि गावागावांतून ग्रामसभेचे ठराव आधीच करून ठेवा. एका गावाच्या अर्जापेक्षा पन्नास ग्रामसभांचे एकाच मजकुराचे ठराव सुनावणीत अधिक वजनदार ठरतात.

पद्धत बदलण्याची मागणी त्यासाठी थांबवू नका. हद्द कितीही चांगली आखली तरी तिच्या आत कोणीतरी अल्पसंख्य राहतेच.

जाता जाता वाचणाऱ्या पदवीधरांसाठी एक सूचना. पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार होते, मागच्या यादीत नाव होते म्हणून ते पुढच्या यादीत आपोआप येत नाही. पदवी मिळून तीन वर्षे झाली असतील तर नमुना १८ भरावा लागतो आणि शिक्षकांसाठी नमुना १९ असतो. खानापूरकर, तुम्ही आणि तुमच्या गल्लीतील मुलांनी तो पुढच्या वेळी भरावा. पसंतीचे आकडे स्वतःच्या हाताने एकदा लिहिले की वरचे सगळे गणित पटकन ध्यानात येते.

---

वडगावची विणकर

नमुना १८ मी भरते, सर. पण तीन जागांच्या प्रभागाचा मसुदा लिहायला बसाल तेव्हा कोणत्या गल्लीची तक्रार कोणत्या नगरसेवकाने घ्यायची हे त्यात लिहिलेले हवे. बसायला आमच्या मागाच्या खोलीत जागा आहे, रविवारी माग बंद असतो.